इंटरनेटची पाणीपाळी

कालव्याला आवर्तन सुटले की आमच्या भागात पहिला प्रश्न एकच असतो, ‘पाणी टेलला पोचले का?’ मुळा धरणाचा उजवा कालवा राहुरीहून नेवासे, शेवगाव, पाथर्डीकडे जातो. वरच्या गावांत उसाचे फड आणि शेवटच्या चारीवर पाटकऱ्याची वाट पाहत बसलेला शेतकरी, हे चित्र विस्तार अधिकारी म्हणून मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे पाहत आलो आहे. आता त्याच पारावर, त्याच माणसांच्या तोंडून एक नवी तक्रार ऐकू येते. ‘साहेब, संध्याकाळी नेट टेलला पोचतच नाही.’ आणि त्याला जोडून येणारे वाक्य मात्र जुनेच. ‘वरची पाच-सहा घरे सगळे ओढून घेतात.’

मी शेतीचा पदवीधर. माती, पाणी, बियाणे आणि खते यांत आयुष्य गेले. इंटरनेट हा काही माझा विषय नव्हे. पण एका घरात या विषयावरून मी असा तोंडघशी पडलो की पुढे त्याचा अभ्यास करणे भागच पडले. ती हकिगत आधी सांगतो.

जुलै २०२४ मधली गोष्ट. टेलकडच्या एका गावी कापसाची पाहणी आटोपून मी आबांच्या घरी चहाला थांबलो होतो. आबांची नऊ एकर जमीन, चार संकरित गाई आणि वस्तीच्या मागे कोंबड्यांची शेड. घर खाऊनपिऊन सुखी. त्या दिवशी मात्र घरात कोणी धड बोलत नव्हते. थोरली मुलगी बारावी झालेली, तिला कृषी पदवीला जायचे होते. प्रवेशाच्या नोंदणीसाठी दाखल्यांच्या फाइली इंटरनेटवरून चढवायच्या होत्या आणि मुदत त्याच रात्री बारापर्यंत होती. दुपारी चारपासून पोर संगणकासमोर बसली होती. पडद्यावर गोल चक्र फिरत राही आणि शेवटी ‘पुन्हा प्रयत्न करा’ अशी ओळ येई. गाव ओढ्याच्या खोलगटात, मोबाईलला रेंज धड गच्चीवरही नाही. म्हणून तर आबांनी केबलवाल्याकडून फायबर घेतलेली. ५० एमबीपीएस वेग, महिन्याला ५०० जीबी, आणि ते संपले की महिनाअखेरपर्यंत २ एमबीपीएस, असा करार. तारीख २१. आदल्या रात्रीच संदेश आला होता की आपली ५०० जीबीची मर्यादा संपली आहे.

‘वीस दिवसांत पाचशे जीबी! कोणी खाल्ले?’ आबांनी विचारले आणि सगळ्यांच्या नजरा धाकट्याकडे वळल्या. दहावीतला मुलगा. क्रिकेटचे तुकडे पाहतो, मित्रांबरोबर खेळ खेळतो, हे घरादाराला ठाऊक. आबांनी त्याच्या कानाखाली वाजवली आणि फोन काढून कपाटात ठेवला. मीही गप्प बसलो नाही. बहिणीच्या शिक्षणापेक्षा तुला खेळ मोठा का, असे त्याला चार शब्द सुनावले. ‘काका, मी एवढं नाही बघत,’ एवढेच तो म्हणाला. वहिनी त्याच्या बाजूने काही बोलू पाहत होत्या, पण आबांचा आवाज चढलेला होता.

अखेर रिमझिम पावसात बाप-लेक मोटारसायकलवरून चौदा किलोमीटर तालुक्याला गेले. संगणक केंद्रवाला कुलूप लावण्याच्या बेतात होता. रात्री १० वाजून ४० मिनिटांनी फाइली चढल्या. शेवटच्या दिवशी सरकारी संकेतस्थळे मंदावतात हे खरे, पण त्या दिवशी दोष तिकडे नव्हता. तालुक्याहून त्याच फाइली पाच मिनिटांत गेल्या.

प्रवेशाचे काम झाले. पण धाकट्याचा फोन कपाटातच राहिला आणि तो बापाशी बोलेनासा झाला. आठवड्याने गेलो तेव्हा ताटावर मान खाली घालून जेवत होता. मला ते काही बरे वाटले नाही. माझा भाचा पुण्यात इंटरनेटचे जाळे सांभाळणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे. त्याला आबांच्या ओसरीवरूनच फोन लावला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. ‘मामा, रात्री तीन वाजता त्या घरात किती वापर होतो, ते पाहिलंत का?’

*मापे दोन, गोंधळ एक*

भाच्याचा प्रश्न कळण्यासाठी मला आधी मापे समजून घ्यावी लागली. वाचकहो, ती तुम्हीही घ्या, कारण निम्मी भांडणे मापांच्या गोंधळातून होतात.

धरणात पाणी किती, ते आपण टीएमसीत सांगतो. कालव्यातून किती वाहते, ते क्युसेकमध्ये. मुळा धरण २६ टीएमसीचे, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल. ११,५७४ क्युसेकने पाणी दिवसभर वाहिले की एक टीएमसी होते. साठा वेगळा आणि प्रवाह वेगळा, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. इंटरनेटचेही तसेच आहे. एमबीपीएस हा प्रवाह, म्हणजे क्युसेक. जीबी हे एकूण वाहून गेलेले माप, म्हणजे टीएमसी.

हिशेब सोपा आहे. आठ बिटांचा एक बाइट. १ एमबीपीएसचा प्रवाह तासभर सारखा चालला तर ४५० एमबी होतात, आणि अहोरात्र चालला तर १०.८ जीबी. चित्रपट किंवा मालिका साध्या चित्रात पाहिली तर तासाला एक जीबीच्या आसपास जातो, स्वच्छ मोठ्या चित्रात तीन जीबीच्या आसपास. म्हणजे धाकट्याने रोज दोन तास क्रिकेट पाहिले असे धरले तरी वीस दिवसांत ४० जीबी. मग उरलेले साडेचारशेच्या वर जीबी गेले कुठे?

केबलवाल्याच्या संगणकावर प्रत्येक ग्राहकाचा तासवार वापर दिसतो. आबा आणि मी त्याच्याकडे गेलो. आलेख पाहिला आणि आबा मटकन खुर्चीत बसले. दिवसा, रात्री, पहाटे तीनला, सगळे घर गाढ झोपलेले असताना वापर चालूच. कमी नाही की जास्त नाही. घरातले सगळे दिवे बंद असूनही विजेचे मीटर फिरत असावे, तसे.

हा प्रवाह चालला होता कोंबड्यांच्या शेडवर बसवलेल्या दोन कॅमेऱ्यांतून. कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि चोरांच्या भीतीने आबांनी जूनमध्ये ते बसवून घेतले होते. बसवणाऱ्याने चित्रण चोवीस तास इंटरनेटवरून दूरच्या साठ्यात जाईल असे लावून दिले. म्हणजे पाहण्यासारखे काही असो वा नसो, कोंबड्या झोपलेल्या असोत वा जाग्या, प्रत्येक कॅमेरा सुमारे १ एमबीपीएसने चित्र पाठवतच राहिला. दोहोंचे मिळून दिवसाला २१.६ जीबी, वीस दिवसांचे ४३२ जीबी. घरातल्या पाच माणसांनी मिळून वापरले होते ६८ जीबी. आणि मर्यादा संपून वेग २ एमबीपीएसवर आला, तेव्हा दोन कॅमेऱ्यांनीच ते दोन्ही एमबीपीएस अडवले. थोरलीच्या फाइलीला बाहेर जायला वाटच उरली नव्हती.

आबा त्या संध्याकाळी काही न बोलता कपाटाकडे गेले आणि फोन काढून धाकट्याच्या पुढ्यात ठेवला. मी मात्र त्याला स्पष्ट म्हणालो, ‘बाळा, माझं चुकलं.’ पिकावर रोग कसला ते न पाहता औषध सांगू नये, हे मी गावोगाव सांगत फिरतो. आणि स्वतः मात्र पान उलटून न पाहताच फवारणी करून मोकळा झालो होतो.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. कॅमेऱ्यात चारशे-पाचशे रुपयांचे मेमरी कार्ड घातले, चित्रण त्यातच साठेल असे केले आणि हालचाल दिसली तरच बाहेर पाठवावे असे लावून दिले. पुढच्या महिन्यात त्या घराचा सगळा वापर १५० जीबीच्या आत आला. ज्यांच्याकडे गोठ्यावर, शेडवर, विहिरीवर असे कॅमेरे आहेत त्यांनी हे आजच पाहावे. तसेच फोनमधले फोटो आपोआप वर चढवण्याची सोय, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले प्रत्येक चित्र आणि व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय, आणि कोणी पाहत नसताना चालू राहिलेला टीव्ही, हे तीन चोर बहुतेक घरांत सापडतात. फोनच्या सेटिंगमध्ये ‘डेटा वापर’ या नावाखाली कोणत्या कामाला किती जीबी लागले ते ओळीने दिलेले असते. पोरांवर ओरडण्यापूर्वी एकदा तिथे नजर टाकावी.

*पिठाची गिरणी*

इथे लेख संपला असता. पण केबलवाल्याच्या दुकानात बसलो असताना दुसरे एक प्रकरण पुढे आले, आणि ते एका घराचे नसून गावाचे होते.

या गृहस्थाचे गावात सत्तर ग्राहक. प्रत्येकाला ५० एमबीपीएस विकलेले, म्हणजे बेरीज ३,५०० एमबीपीएस. आणि त्याने स्वतः तालुक्याहून आणलेला दोर किती? २०० एमबीपीएसचा. ऐकून आबा उसळले, ‘ही तर उघड लबाडी झाली!’ मलाही क्षणभर तसेच वाटले. भाच्याने समजावले की ती लबाडी नव्हे. सत्तर घरांना पिठाची गिरणी एकच पुरते, कारण सगळी घरे एकाच वेळी दळण घेऊन येत नाहीत. जगातल्या सगळ्या इंटरनेट कंपन्या याच हिशेबावर चालतात. किती घरांमागे किती दोर ठेवायचा, यात प्रामाणिकपणा आणि लबाडीचा प्रश्न येतो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गिरणीवर रांग लागते, तशी इंटरनेटवर रोज रात्री आठ ते दहा लागते. त्या वेळी चाळीस घरांनी मोठ्या चित्रात मालिका लावली, तर घरटी ५ एमबीपीएस धरून २०० चा दोर काठोकाठ भरतो. त्यातच चार पोरांनी पूर्ण ५० च्या वेगाने मोठाले खेळ उतरवून घ्यायला लावले तर? चार पन्ने दोनशे. उरलेल्या सहासष्ट घरांचे चित्र अडखळू लागते.

केबलवाल्याने यावर उपाय योजला होता. मर्यादा ५०० वरून ३०० जीबी करायची. ‘जास्त ओढणारे आपोआप वठणीवर येतील,’ असे त्याचे म्हणणे. गावही त्याच्या बाजूने होते.

मला मात्र यात काही तरी चुकते आहे असे वाटत होते. मर्यादा घालण्याला माझा विरोध नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंतच दिले जाई. ऊस घ्यायचा नाही, हेही ठरलेले. भूमिहीनालाही वाटा होता. तेव्हा मर्यादा ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नव्हे, आणि वाईट तर मुळीच नव्हे.

परंतु पाणी आणि इंटरनेट यांत एक मोठा फरक आहे. आज मी पाणी कमी वापरले तर ते धरणात राहते आणि उन्हाळ्यात टेलच्या उसाला नाही तरी प्यायला उपयोगी पडते. इंटरनेटचा दोर पहाटे तीनला रिकामा गेला तर तो रिकामेपणा साठवून रात्री आठला वापरता येत नाही. एसटीची रिकामी सीट जशी. नगरहून गाडी रिकामी सुटली, तर ती सीट उद्याच्या गर्दीला उपयोगी पडत नाही. दोराचे भाडे केबलवाला महिन्याचे ठरलेले देतो. मध्यरात्री कोणी दोनशे जीबी उतरवले म्हणून त्याचा एक रुपयाही वाढत नाही. म्हणजे मध्यरात्रीनंतर महिन्याला ४०० जीबी ओढणारा कोणाच्याही वाटेत नसतो, आणि रोज रात्री आठ ते नऊ दोर अडवणारा महिन्याला ३०० च्या आत राहूनही शेजाऱ्यांचे नुकसान करत असतो. महिन्याची मर्यादा पहिल्याला पकडते, दुसऱ्याला सोडून देते. आबांच्या कॅमेऱ्यांनी आबांचे ५०० जीबी संपवले, पण गावाच्या दोरातले त्यांनी अडवले दोनच एमबीपीएस. गावाची संध्याकाळ बिघडवणारे ते नव्हते.

*अमेरिकेतला प्रयोग*

भाच्याने यावर अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. तिथल्या कॉमकास्ट या मोठ्या कंपनीवर हाच प्रसंग आला होता. ‘बिटटॉरेंट’ नावाच्या पद्धतीने मोठाल्या फाइली देवाणघेवाण करणाऱ्या ग्राहकांचे काम ती कंपनी गुपचूप तोडते आहे, असे २००७ मध्ये उघडकीला आले. ऑगस्ट २००८ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने कंपनीला ठपका दिला. (पुढे २०१० मध्ये न्यायालयाने तो हुकूम रद्द केला, ती गोष्ट वेगळी.) त्यानंतर कंपनीने दोन गोष्टी केल्या. ऑक्टोबर २००८ पासून घरटी महिन्याला २५० जीबीची मर्यादा जाहीर केली. आणि त्याच वर्षअखेर गर्दी आवरण्याची एक निराळीच व्यवस्था बसवली.

ही दुसरी व्यवस्था मला फार आवडली, कारण ती शहाण्या पाटकऱ्यासारखी आहे. एखाद्या वस्तीचा दोर भरत आला तरच ती जागी होते. ग्राहकांना येणाऱ्या बाजूला ८० टक्के आणि त्यांच्याकडून जाणाऱ्या बाजूला ७० टक्के, अशी भरण्याची खूण ठरवलेली. त्या वेळी जो ग्राहक आपल्या वेगाच्या ७० टक्क्यांहून जास्त सलग पंधरा मिनिटे ओढत असेल, त्याला रांगेत थोडे मागे उभे करायचे. तोडायचे नाही, दंड करायचा नाही, तो काय पाहतो आहे याची चौकशीही करायची नाही. त्याचा वापर पंधरा मिनिटे ५० टक्क्यांच्या खाली राहिला की परत सर्वांच्या बरोबरीने. दोर रिकामा असेल तर खुशाल हवे तेवढे घ्या.

गर्दी सांभाळायला ही व्यवस्था पुरेशी होती, तर मग महिन्याची मर्यादा कशाला ठेवली? याचे उत्तर २०२० च्या मार्चमध्ये थोडेफार मिळाले असे मला वाटते. महामारीत सगळे जग घरात बसले, कामे, शाळा, करमणूक सगळे इंटरनेटवर आले, आणि नेमक्या त्याच वेळी या कंपनीने मर्यादा काही महिने उठवल्या. वापर खूप वाढला तरी जाळे कोसळले नाही. आपल्याकडेही त्याच मार्च महिन्यात चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या कंपन्यांनी मोबाईलवर मोठे स्वच्छ चित्र काही दिवस बंद ठेवून साधे चित्र देण्याचे ठरवले. म्हणजे अडचणीच्या वेळी सर्वांचा प्रवाह थोडा बारीक केला. पाणी कमी असले की आपण चारीचे दार दोन बोटे खाली घेतो, तसेच हे.

माझे मत असे झाले आहे की महिन्याची मर्यादा ही बहुतेक वेळा गर्दीसाठी नसून महागडी योजना विकण्यासाठी असते. दुकानदाराने कमी-जास्त मालाचे कमी-जास्त दाम घ्यावेत, यात गैर काही नाही. पण त्याला ‘रास्त वापर’ असे साळसूद नाव देऊन दोष शेजाऱ्यावर ढकलू नये.

*आपले नियम*

आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले १५ ऑगस्ट १९९५ ला. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून चाले आणि हिशेब तासांचा असे. २००४ च्या धोरणाने २५६ केबीपीएसला ‘ब्रॉडबँड’ म्हटले, २०१३ मध्ये तो आकडा ५१२ झाला आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस. घरी येणाऱ्या ब्रॉडबँडची मर्यादा संपल्यावर वेग किती खाली आणावा याला दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१६ मध्ये ५१२ केबीपीएसची किमान रेघ मारून दिली. मर्यादा संपत आली की आणि संपली की ग्राहकाला कळवले पाहिजे, हेही बंधन आहे. आणि फेब्रुवारी २०१६ पासून कोणते संकेतस्थळ पाहता यावरून डेटाचा निराळा दर लावायला बंदी आहे.

मोबाईलची तऱ्हा निराळी. मोबाईलचा मनोरा हा खराच अरुंद दोर असतो, तिथे मर्यादेला अधिक अर्थ आहे. २०१६ पूर्वी महिन्याला एक जीबीसाठी सुमारे अडीचशे रुपये मोजावे लागत. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले, तेव्हा आरंभी रोज ४ जीबी फुकट होते, जानेवारी २०१७ पासून ते रोज १ जीबी झाले, आणि तेव्हापासून ‘रोजचा कोटा’ ही पद्धत घरोघरी रुळली. रोजचा उरलेला डेटा बहुतेक योजनांत उद्याला मिळत नाही, मध्यरात्री तो संपतो. कोटा संपल्यावर बऱ्याच योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने तासाभरात २९ एमबीसुद्धा होत नाहीत. तीन एमबीचा एक फोटो पाठवायला सहा मिनिटांवर लागतात. तेव्हा रोगट पानाचा फोटो मला पाठवायचा असेल तर, बंधूंनो, सकाळीच पाठवा, रात्री मालिका पाहून झाल्यावर नको!

‘अमर्याद’ या शब्दाचाही एक नमुना सांगतो. शहरातल्या कित्येक अमर्याद फायबर योजनांच्या बारीक अक्षरांत महिन्याला ३,३०० जीबी अशी मर्यादा दिलेली आढळते. साध्या घराला ती पोचणेही कठीण. पण १०० एमबीपीएसचा नळ पूर्ण उघडा ठेवला तर तेवढे तीन दिवसांच्या आसपास संपते. बारीक अक्षरे वाचायची सवय आपण खताच्या गोणीवर लावून घेतली, तशी इथेही लावावी. आणि घरातल्या ज्या म्हाताऱ्या माणसांना डेटा लागतच नाही, त्यांच्यासाठी फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे वेगळे रिचार्ज ठेवणे कंपन्यांवर डिसेंबर २०२४ च्या नियमाने बंधनकारक झाले आहे. दुकानदार ते आपण होऊन सांगत नाही, विचारून घ्यावे लागते.

पुन्हा गावाकडे येतो. श्रावणात एका संध्याकाळी मारुतीच्या पारावर केबलवाला, पंधरा-वीस ग्राहक आणि मी असे बसलो. मी कॉमकास्टची गोष्ट सांगितली, भाच्याने फोनवरून सांगितले की केबलवाल्याच्याच यंत्रात अशी सोय बहुधा असेल. ती होती. ठरले असे की दोर भरला की त्या वेळेपुरता तो चालू असलेल्या घरांत सारखा वाटला जाईल, आणि रात्री बारा ते पहाटे सहाचा वापर ५०० जीबीत धरायचा नाही. पूर्वी बीएसएनएलच्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ मोजत नसत, ते कोणाला तरी आठवले. ‘शेतीची वीज रात्रीची, आता नेटही रात्रीचं,’ असे एक म्हातारा म्हणाला आणि पार हसला.

सगळे सुरळीत झाले असे नाही. ज्यांना पूर्वी रात्री आठला पूर्ण ५० मिळत होते, त्यांतले दोघे रागावले आणि एकाने जोडणी सोडली. केबलवाल्याने मर्यादा ५०० चीच ठेवली, ३०० केली नाही, पण ती काढूनही टाकली नाही. मोठी योजना कोण घेईल मग, असे तो मला खाजगीत म्हणाला. दोर २०० वरून ३०० चा करायचे त्याने कबूल केले होते, ते अद्याप बाकी आहे. परंतु संध्याकाळी आठला चित्र अडखळण्याची तक्रार पारावर आता पूर्वीइतकी ऐकू येत नाही.

थोरली वसतिगृहावर गेली. वहिनी रोज रात्री नऊला तिच्याशी फोनवर तोंड पाहून बोलतात. परवा गेलो तेव्हा आबांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक तारखेच्या चौकोनात दुधाच्या लिटरांखाली दुसरा एक आकडा दिसला. धाकटा रोज झोपण्यापूर्वी घराचे जीबी लिहून ठेवतो. शेजारची दोन घरेही आता त्याच्याकडूनच तपासून घेतात. मी कौतुक केले, तर म्हणाला, ‘काका, तुमचा फोन बघू? तुमचे फोटो आपोआप वर चढतात का ते पाहतो.’

पाहिले. चढत होते. कापसाच्या पानांचे चार हजारांवर फोटो.